मनूचा दुभाष्या इथं पुरलाय

मनुस्मृती जाळल्याची गोष्ट निघाली की एक शहाणा हमखास उठतो. चहाच्या टपरीवर उठतो, कॉलेजच्या गॅदरिंगात उठतो, आमच्या गिरणीच्या कँटीनमध्ये तर रोजच एखादा. म्हणतो, अरे, ती पोथी कधीच मेली होती. दोन हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक. कोण वाचत होतं? मेलेलं जाळून तुमच्या बाबासाहेबांनी मिळवलं काय?

ह्या शहाण्याला उत्तर द्यायचं म्हणून मी कलकत्त्याच्या एका कब्रस्तानात जाऊन आलो. एकटाच. हसू नका दोस्तहो. उत्तर तिथं दगडाविटांत उभं आहे आणि त्याचे फोटो काढून आणलेत. सायक्लोस्टाईलच्या कागदावर फोटो उमटत नाहीत म्हणून लिहून काढतोय.

दिवाळीला गिरणी बंद. त्यात तीन रजा जोडल्या, बोनसातले पैसे खिशात घातले आणि जनरल डब्यात बसून हावड्याला उतरलो. खांद्याला एका मित्राचा जुना कॅमेरा. रोलचा. छत्तीस फोटो, सदतिसावा नाही. मोबाईलवर हजार निघतात, पण हजार काढले की एकही नीट बघणं होत नाही. रोल असला की माणूस बोट दाबायच्या आधी थांबतो. रिंगखात्यात तुटलेलं सूत सांधताना जसा आधी डोळा जातो आणि मग बोट, तसं.

कलकत्त्यात पार्क स्ट्रीट नावाचा बडा रस्ता आहे. सरकारी पाटीवर आता मदर तेरेसा सरणी लिहिलंय, लोकांच्या तोंडी पार्क स्ट्रीटच. त्याच्याही आधीचं नाव बरियल ग्राउंड रोड, म्हणजे पुरायच्या जागेकडं जाणारा रस्ता. ह्या रस्त्याच्या एका टोकाला, चौरंगीच्या कोपऱ्यावर, एक नंबरच्या जागेत एशियाटिक सोसायटी आहे. दुसऱ्या टोकाला कब्रस्तान. मधे हॉटेलं, केकची दुकानं, बँका, भारी कपड्यांची दुकानं. मी एक नंबरपासून सुरुवात केली आणि चालत पूर्वेकडं गेलो, कारण ज्याला भेटायचं होतं तोही ह्याच रस्त्यानं गेला. सोसायटी त्यानं काढली, १५ जानेवारी १७८४ ला, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या टोकाला जाऊन पडला. सर विल्यम जोन्स. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा जज्ज.

सोसायटीबद्दल दोन गोष्टी सांगून पुढं जातो. हिंदुस्थानचा अभ्यास करायला काढलेल्या ह्या मंडळीत पहिली पंचेचाळीस वर्षं एकही हिंदुस्थानी सभासद नव्हता. १८२९ साली दार उघडलं, आणि आत कोण गेले असतील ते तुम्हाला सांगायला नको. दुसरी गोष्ट. ह्याच सोसायटीत सम्राट अशोकाचा बैराटचा शिलालेख ठेवलेला आहे, भिक्खुसंघाला उद्देशून कोरलेला. त्या लिपीचं कुलूप १८३७ साली उघडलं ते सोसायटीच्याच जेम्स प्रिन्सेपनं, टांकसाळीतल्या एका साहेबानं. म्हणजे एकाच घरातून इंग्रजीत मनू बाहेर पडला आणि अशोकही बाहेर पडला. हे ध्यानात असू द्या.

कब्रस्तानाच्या दारावरच्या माणसानं नाव विचारलं. सांगितलं. आडनावासकट सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या आडनावातून त्याला काहीच कळलं नाही. महाराष्ट्राबाहेर पडल्याचा हा एक फायदा, फुकटातला.

आत गेलो आणि बाहेरच्या ट्रामगाड्या-टॅक्स्यांचा आवाज एकदम खाली बसला. मला वाटलं होतं थडगी म्हणजे जमिनीवर आडव्या पडलेल्या फरश्या असतील. इथं सगळं उभं. दोन-दोन माणसं उंच चौथरे, त्यावर टोकदार मनोरे, पिरॅमिड, खांबांचे घुमट. विटेचं काम, वर चुन्याचा गिलावा, आणि अडीचशे पावसाळ्यांनी सगळं काळंहिरवं करून टाकलेलं. दगडी गल्ल्याच म्हणा. माणूस दिसत नाही, मच्छर मात्र ढीग. १७६७ साली ही जागा उघडली. सोळाशेच्या आसपास थडगी आहेत. गोऱ्यांत म्हण होती की कलकत्त्यात साहेबाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. दगडावरची वयं वाचत गेलो तर खोटं वाटत नाही. वीस, तेवीस, एकोणीस, पाच महिने. बाळंतपणात गेलेल्या बायका, हगवणीनं गेलेले कारकून. रोझ आयल्मर नावाची एक पोरगी वीस वर्षांची, १८०० साली गेली, एका इंग्रज कवीनं तिच्यावर कविता केली म्हणून तिच्या थडग्यापाशी अजून लोक फोटो काढतात. मीही एक काढला. पोरीचा काय दोष.

पण इथले बहुतेक गडी कंपनीचे. मीठ, अफू, सारा आणि लष्कर यांतून पैसा केलेले. मेल्यावर त्यांनी इथं रोमचे राजे झाल्यासारखं उभं राहून घेतलंय. ज्यांनी ह्या विटा भाजल्या, चुना मळला, ज्यांच्या खांद्यावर पालखीतून हे फिरले, त्यांचा ह्या गल्ल्यांत पत्ता नाही. ते शोधायला मी आलोच नव्हतो. ती आपली नेहमीची गैरहजेरी आहे, तिच्यावर रोल खर्च केला तर छत्तीसही पुरणार नाहीत.

जोन्सचं थडगं विचारावं लागत नाही. सगळ्यात उंच तेच. चौथऱ्यावर चौकोनी सुळका, वर वर निमुळता होत झाडांच्या शेंड्यांपर्यंत गेलेला. जवळून कॅमेऱ्यात मावेना. मागं सरकत सरकत दुसऱ्याच कुणाच्या तरी चौथऱ्याला पाठ लागली तेव्हा कुठं टोक दिसलं. २७ एप्रिल १७९४ ला गेला. वय सत्तेचाळीस.

माणूस अडाणी नव्हता. कसबी होता. अठ्ठावीस भाषांत त्याची गती होती म्हणतात. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात हे जगाला ठासून सांगणारा हाच. कालिदासाचं शाकुंतल १७८९ मध्ये इंग्रजीत नेलं. ग्रीकांनी लिहून ठेवलेला सँड्रोकोटस म्हणजे चंद्रगुप्त मौर्य, हे १७९३ मध्ये ओळखलं. आणि स्वतःच्या थडग्यासाठी मजकूरही त्यानं आधीच लिहून ठेवला होता. त्याचा भावार्थ असा की नीच आणि अन्यायी सोडून कुणालाही मी माझ्याखाली मानलं नाही, आणि शहाणे व सद्गुणी सोडून कुणाला वर मानलं नाही. वाचायला झकास आहे. असं म्हणणाऱ्या माणसानं आयुष्याची शेवटची वर्षं कशात घातली? मनुस्मृती इंग्रजीत आणण्यात. १७९४ मध्ये, तो मेला त्याच साली, सरकारच्या हुकमानं कलकत्त्यात ते पुस्तक छापलं गेलं.

का आणलं? भक्ती म्हणून नव्हे. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जनं न्यायाची योजना केली. लग्न, वारसा, जात, धर्माचे रीतिरिवाज ह्या बाबतीत मुसलमानांना कुराणाप्रमाणं आणि हिंदूंना शास्त्राप्रमाणं न्याय द्यायचा. आता शास्त्र म्हणजे काय? ते कुणाच्या पोटात? भटाच्या. कोर्टात पगारी पंडित बसले. अकरा पंडित बसवून एक संहिता करून घेतली, ती आधी फारसीत, मग हॅलहेड नावाच्या साहेबानं इंग्रजीत केली, १७७६ साली. तरी जज्ज लोकांना खात्री वाटेना. पंडित आज एक सांगतो, उद्या दुसरं सांगतो, दक्षिणा बघून तिसरं. जोन्स म्हणाला, मीच शिकतो संस्कृत. आणि इथं खरी मजा आहे दोस्तहो. कोर्टाच्या जज्जाला, कंपनीच्या राज्यात, ब्राह्मण पंडितांनी शिकवायला नकार दिला. म्लेंच्छ म्हणून! शेवटी नदियाकडच्या रामलोचन नावाच्या वैद्य जातीच्या, म्हणजे ब्राह्मण नसलेल्या, माणसानं त्याला शिकवलं. ज्या पुस्तकात ज्ञान कुणाला द्यायचं नाही याच्या याद्या आहेत, ते पुस्तक इंग्रजीत जाताना त्याच यादीला ठेचाळत ठेचाळत गेलं.

कुल्लूकभट्टाची टीका समोर ठेवून जोन्सनं ओळनओळ भाषांतर केलं. म्हणजे पाचव्या अध्यायातली ती ओळही केली असणार. शहरातून मढं बाहेर काढायचं तर कुठल्या वेशीनं? द्विजांची मढी पश्चिमेच्या, उत्तरेच्या, पूर्वेच्या वेशीनं. शूद्राचं दक्षिणेच्या. मेलेल्या माणसालासुद्धा रांग चुकली नाही. साहेब आता जिथं पडलाय त्या जागेचं नाव साऊथ पार्क स्ट्रीट कब्रस्तान. दक्षिणेचं. योगायोग आहे, पण मी त्या सुळक्याखाली उभा राहून एकटाच हसलो. झाडाखाली बसलेलं एक जोडपं माझ्याकडं बघायला लागलं.

दहाव्या अध्यायात आणखी आहे. चांडाळानं गावाबाहेर राहावं. फुटक्या भांड्यात खावं. मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत. ज्याला नातलग नाही त्याचं प्रेत त्यानंच उचलावं. हे वाचलं तेव्हा मला काही संशोधन करावं लागलं नाही. माझा पणजा महारकी करायचा. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन पाच-सहा गावं पायी पालथी घालायची, लाकडं टाकायची, आणि मढ्यावरचं कापड हा हक्क. हक्क! आजा पोरगा असताना त्याच्याबरोबर जायचा. आजा सांगायचा, तुझ्या पणजीनं नेसलेलं एकसुद्धा लुगडं दुकानातून आलेलं नव्हतं. हे १९५६ च्या धर्मांतरानंतर घरानं टाकलं, आणि १९५९ पासून तर कायद्यानंच महारवतन गेलं. पणजा मेला तेव्हा त्याला ओढ्याकाठी पुरला. वर दगडगोटे आणि बाभळीचे फास, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. पहिल्या पुरात दगड गेले. आज त्या ओढ्याकाठी उभं राहून मी फोटो काढला तर फोटोत ओढा येईल, बाभळी येतील, बस्स. गावात स्मशानं अजून दोन आहेत आणि पत्र्याची शेड एकावरच आहे, हेही जाता जाता नोंदवतो.

तर आता त्या शहाण्याचा सवाल. पोथी मेली होती का?

मनूची पोथी पूर्वी होती, मान होता, राजेरजवाडे तिचं नाव घेत. पण गावोगाव, जातोजात रीत वेगळी होती. पंचायत आपल्या रीतीनं निवाडा करायची. कुणाची पाटाची चाल, कुणाची काडीमोडीची, कुणात पुरायचं, कुणात जाळायचं. कंपनीच्या कोर्टानं ह्या सगळ्यांवर पुस्तकाचं झाकण बसवलं. इंग्रजी येणाऱ्या कुठल्याही जज्जाला, वकिलाला आता मनू टेबलावर उघडता येऊ लागला. कोर्टात रोजचं काम मिताक्षरा आणि दायभाग यांवर चालायचं हे खरं, पण त्या साऱ्या गोतावळ्याचा मूळपुरुष मनूच. पंडितांची कोर्टातली नोकरी १८६४ साली बंद झाली, कारण पुस्तकं तयार झाली होती, पंडित लागत नव्हता. भट गेला, पोथी राहिली. आणि ती आता सरकारी शिक्क्याची झाली.

गंमत बघायची तर ही बघा. दत्तक खरा की खोटा, दासीपुत्राला वाटा मिळतो की नाही, हे ठरवायला आधी पक्षकार शूद्र की द्विज हे ठरवावं लागे. १८८४ साली कलकत्ता हायकोर्टानं बिहारच्या कायस्थांना शूद्र ठरवलं. पेनपाणी करणारे, मुन्शीगिरी करणारे कायस्थ! एकच बोंब उठली. पुढं पाटण्याच्या हायकोर्टानं उलटा निकाल देऊन त्यांना क्षत्रिय केलं. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या पुस्तकावरून विसाव्या शतकातले बॅरिस्टर काळे झगे घालून भांडत होते, आणि फी घेत होते. मेलेल्याला कुणी फी देत नाही.

आपल्या मुंबई इलाख्यात थोडा फरक होता, तो समजून घेतला पाहिजे. एल्फिन्स्टनच्या राज्यात १८२७ साली जो कायदा झाला त्यात आधी त्या त्या ठिकाणची रूढी, आणि शास्त्र त्यानंतर. दख्खनच्या जातीजातींच्या चाली गोळा करून स्टील नावाच्या साहेबानं पुस्तकही केलं. म्हणजे बंगालात पोथी पुढं, मुंबईत रूढी पुढं. वाचताना वाटतं, चला, रूढी बरी. पण आपल्या बाबतीत रूढी म्हणजे काय? चवदार तळ्यावर गुराढोरांनी प्यावं, आपण पिऊ नये, ही रूढी.

त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, १९२७ साली, बाबासाहेब महाडला गेले. २० मार्चला तळ्याचं पाणी घेतलं, ते रूढीवर. २५ डिसेंबरला पोथी जाळली, ती शास्त्रावर. जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी, जन्मानं ब्राह्मण. आपण हे दोन दिवस दोन सणांसारखे वेगवेगळे साजरे करतो, भाषणंही वेगळी ठोकतो. माझ्या मते तो एकच घाव होता, दोन अंगांनी घातलेला. कोर्टाला जी दोन दारं होती त्या दोन्हींवर. आणि महाडचे सवर्ण कुठं पळाले? कोर्टातच. रूढीच्या दारानं. तळं खाजगी आहे आणि फार पुरातन काळापासून अस्पृश्यांना बंदी आहे, असा दावा घेऊन. मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. अशी पुरातन रूढी शाबीत होत नाही, दावा फेटाळला. दहा वर्षं लागली एका तळ्याला.

मग संविधानाचं तेरावं कलम उघडून बघा. सतरावं सगळ्यांना पाठ आहे, तेरावं कुणी वाचत नाही. मूलभूत हक्कांच्या आड येणारा जुना कायदा रद्द, आणि कायदा ह्या शब्दात रूढी आणि वहिवाटसुद्धा धरली आहे. हा शब्द कुठून आला हे ज्याला महाड ठाऊक आहे त्याला विचारावं लागत नाही. लग्न आणि वारसा तरी शास्त्राच्या तावडीत राहिलेच. ते सोडवायला बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं, ते अडवलं गेलं, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद फेकलं. तुकड्यातुकड्यानं ते कायदे १९५५-५६ साली झाले. म्हणजे १७७२ ला कोर्टात बसवलेली पोथी उठवायला १९५६ उजाडलं. आणि मनूला काय, जागा मिळते. १९८९ साली जयपूरच्या हायकोर्टाच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिलाच.

इथं आपल्यातल्या काहींशी मला भांडायचंय. आपल्या सभांत एक वाक्य फार ऐकू येतं, इंग्रज आले म्हणून आपण माणसात आलो. शाळा, लष्कर, रेल्वे, गिरणी, हे खरं आहे, मी नाकारत नाही. कोरेगावचा स्तंभ कंपनीनंच उभारला आणि त्यावर ‘नाक’ लागलेली बावीस नावं कोरली. १ जानेवारीला आपण तिथं जातो, जायलाच पाहिजे. पण त्याच कंपनीनं लंडनच्या सेंट पॉल चर्चात जोन्सचा पुतळा उभा केला, आणि त्या पुतळ्याच्या हाताखाली जे पुस्तक आहे ते मनूचं. एक दगड इकडं, एक दगड तिकडं. सैनिक पाहिजे होते तेव्हा महार, राज्य चालवायचं होतं तेव्हा मनू. आणि सैनिक नको झाले तेव्हा, १८९० नंतर, महारांची भरतीही बंद. प्रिन्सेपनं अशोक वाचून दिला म्हणून त्याला सलाम करतो, त्याच घरातल्या जोन्सला करायला हात उचलत नाही. साहेबाच्या उपकारांची वही ठेवायची तर दोन्ही पानं भरायची.

जोन्सपासून थोडं पुढं गेलं की एक थडगं दिसतं, त्याचं देऊळच केलंय. नक्षी, कोरलेल्या देवता, सगळं आपल्याकडच्या मंदिरासारखं. चार्ल्स स्टुअर्ट, मूळचा आयर्लंडचा, कंपनीच्या फौजेतला जनरल. लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. रोज गंगेत अंघोळ, घरभर मूर्ती, गोऱ्या मडमांनी साड्या नेसाव्यात म्हणून लिखाण. १८०८ साली हिंदूंची तरफदारी करणारं पुस्तक लिहिलं की ह्या लोकांना ख्रिस्ती करायची काही गरज नाही. १८२८ मध्ये वारला. त्यानं गोळा केलेल्या कितीतरी मूर्ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी त्या देवळासमोर बराच वेळ उभा होतो. परमुलखातला, गोमांस खाणाऱ्या मुलखातला माणूस हिंदू देवळात कायमचा झोपलाय, आणि त्याच्या मरणाला शंभरेक वर्षं झाल्यावर नाशिकला काळारामाच्या दारात आपली माणसं १९३० पासून १९३५ पर्यंत उभी होती, डोकी फोडून घेत. तो पूजेला येतो म्हणून चालतो. आपण हक्क मागायला येतो. ह्या थडग्यावर चार फोटो गेले.

आता ज्याच्यासाठी मनात थोडी ओढ होती तो. हेन्री डेरोझिओ. बाप पोर्तुगीज वंशाचा, पोरगा कलकत्त्यातच जन्मलेला, गोऱ्यांच्या लेखी अर्धवट काळा. सतराव्या वर्षी हिंदू कॉलेजात मास्तर झाला. पोरांना सांगायचा, कुणाचं ऐकून मानू नका, तपासा. पोरं बिघडली. जानवं टाकली, सगळ्यांत बसून जेवली, देवांची टिंगल केली. त्यांच्यातल्या रसिककृष्ण मलिकाला कोर्टात गंगाजलाची शपथ घ्यायला सांगितली तर म्हणाला, गंगा पवित्र आहे असं मी मानत नाही. शहरात हाहाकार. एप्रिल १८३१ मध्ये कॉलेजानं डेरोझिओला राजीनामा द्यायला लावला, २६ डिसेंबरला पटकीनं मेला. वय बावीस वर्षं आठ महिने. कवी होता. मी त्याच्या वयाच्या पुढं गेलोय आणि माझा एक संग्रह अजून वहीतच आहे.

ओढ असली तरी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. ते कॉलेज १८१७ साली निघालं ते प्रतिष्ठित हिंदूंच्या पोरांसाठी. डोम, नमशूद्र, मुसलमान यांच्या पोरांसाठी तिथं बाक नव्हता. शेजारच्या संस्कृत कॉलेजात तर १८५१ पर्यंत ब्राह्मण आणि वैद्य सोडून कुणी नाही, विद्यासागरांनी त्या साली कायस्थांना घेतलं. त्यामुळं यंग बंगाल म्हणून जी क्रांती पुस्तकात येते, ती वरच्या मजल्यावरची पोरं वरच्याच मजल्यावर आदळआपट करत होती अशी मला दिसते. आवाज खाली आला, जिना आला नाही. तरीही डेरोझिओला मी मनापासून जयभीम घातला. बावीस वर्षांच्या पोराकडून आणखी किती मागायचं?

रस्त्यापलीकडं, उत्तरेला, आणखी एक कब्रस्तान होतं. ते १९५३ मध्ये पाडून सपाट केलं. तिथं आता शाळा आहे. दगडही कायमचे नसतात.

मग बंगालचे आपले लोक कुठं? ते ह्या भिंतीच्या आत नाहीतच. ते पूर्वेकडं, बिलांच्या आणि नद्यांच्या मुलखात होते, फरीदपूर, बाकरगंज, जेसोर, खुलना. ‘चांडाळ’ हे नाव त्यांच्यावर सरकारी कागदातसुद्धा होतं, १९११ च्या खानेसुमारीत ते जाऊन नमशूद्र लागलं. १८७२-७३ मध्ये त्यांच्यातल्या एका घरच्या श्राद्धाचं जेवण वरच्या जातींनी नाकारलं. तेव्हा ह्या लोकांनी काय केलं? वरच्या जातींची कामंच बंद केली. शेत नाही, ओझं नाही, घरकाम नाही. काही महिने संप. मुंबईत गिरणीकामगार संप शब्द शिकायच्या आधीची ही गोष्ट, आणि निमित्त एका मेलेल्या माणसाच्या पंगतीचं. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे चिरंजीव गुरुचांद ठाकूर यांनी ओराकांदीत मतुआ पंथ वाढवला, शाळा काढल्या. त्या मातीतून जोगेंद्रनाथ मंडल आले.

पुढचं आपल्याला ठाऊक असायला पाहिजे, पण आपल्या पोरांना विचारलं तर दहातल्या दोघांना सांगता येतं. १९४६ मध्ये संविधान सभेच्या निवडणुकीत मुंबईतून बाबासाहेबांना निवडून येण्याची वाट नव्हती. मंडलांनी बंगालमधून उभं केलं. मतदार म्हणजे बंगाल असेंब्लीचे सभासद, ठिकाण कलकत्ता, महिना जुलै. बाबासाहेब निवडून आले. महिनाभरात, १६ ऑगस्टला, त्याच शहरात कत्तल सुरू झाली. वर्षभरात फाळणी झाली, ती जागाही गेली, आणि मग ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण संविधान सभेचं दार पहिल्यांदा उघडलं ते ह्या शहरानं. जिथं मनूला इंग्रजी शिकवून कोर्टात बसवलं, तिथूनच त्याला उठवणारा आत गेला. मंडल १९६८ साली बनगावला वारले.

कब्रस्तानातून निघालो तेव्हा रोलमध्ये दोन फोटो उरले होते. चालत मैदानाच्या बाजूनं असेंब्लीकडं गेलो. १९३१ साली उघडलेली इमारत, मोठी, समोर बाग. फाटकावरचा शिपाई म्हणाला, आत जाता येणार नाही, फोटोही फाटकातून नको. मी रस्त्याच्या पलीकडं गेलो आणि तिथून काढला. मधे बस आली. दुसऱ्यांदा काढला. त्यात इमारत आलीय, थोडी झाडाआड, पण आलीय.